आणि वाजवी

९ फेब्रुवारी

कोल्बी,

शनिवारी लेसीला घेऊन आले होते. दोन तास गाडी चालवून. काचेमागच्या शिपायानं यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं नाव खोडलंय." मी म्हटलं, "कोणी खोडलं?" तर म्हणतो, "आम्ही कशाला खोडू? कैदीच खोडतो." मागं रांगेत सात-आठ बायका, सगळ्यांनी ऐकलं. एकीनं लेसीच्या डोक्यावरून हात फिरवला, मयताला आल्यासारखं.

म्हणून हे पत्र. तुरुंगाचा फोन सगळा रेकॉर्ड होतो, पत्र निदान एकच माणूस उघडून वाचतो. जो कोण वाचत असेल त्यानं खुशाल वाचावं.

तू का चिडलायस ते तुझ्या आईकडून कळलं. मी म्हणे माझ्या हर्शेलमामाला सामील आहे. कोर्टात मला विचारलं तेव्हा मी म्हणे सरळ "नाही" म्हणायला हवं होतं.

मला तेव्हा आठवत नव्हतं, कोल्बी. समोर बारा माणसं, वर न्यायाधीश, पहिल्या बाकावर मनगटाला पट्टा बांधून बसलेला मामा, आणि तुझी नजर. तो सरकारी वकील विचारतोय, "तुमचे मामा ऑगस्टमध्ये तुमच्या घरी आले. कंपनीचा परवाना त्यांनी टेबलावर ठेवला. यंदा त्या डोंगरावरची जिनसेंगची मुळी मी खणणार, नवऱ्याला सांग, असं म्हणाले. सांगितलंत का नवऱ्याला?" मी म्हणाले आठवत नाही. त्यानं तीनदा विचारलं, मी तीनदा म्हणाले. आता त्याचा अर्थ तू असा लावतोस की मी मामाची बाजू घेतली. लाव. मी तिथं मूत अडवून बसले होते, तुला ते कुठं दिसणार.

सात वर्षं, एका पिशवीसाठी. पिशवी हिसकताना मामाला ढकललंस, मनगट मोडलं, हे तू स्वतः कबूल केलंस. त्याची शिक्षा होऊ दे. पण लुटारू? मामा ओढ्यावरून मुळ्यांची पिशवी घेऊन येतो आणि त्या मुळ्या तुझ्या आजोबांनी लावलेल्या, तर तू काय त्याला रामराम करणार होतास?

खरं तर खटला तुझ्याच तोंडानं घालवलास. वकील म्हणाला, "डोंगर कोणाचा?" तू म्हणालास, "कंपनीचा. आजोबांनीच विकला." "मग मुळ्या कोणाच्या?" तर छाती काढून, "माझ्या." अख्खं कोर्ट हसलं. आपल्या खोऱ्यात कोणी हसलं नसतं. मुळी काढली की तिचं लाल बी त्याच खड्ड्यात अंगठ्यानं दाबायचं, वर पाला टाकायचा, आणि ज्यानं बी दाबलं त्याची पुढची मुळी. जमीन कोणाच्या का नावावर असेना. पण ज्युरीतले बाराही जण हायवेच्या बाजूचे. त्यांनी मुळी बघितली असेल तर औषधाच्या बाटलीवरच्या चित्रात. तू मुळीच्या मानेवरच्या खुणा मोजून दाखवत होतास, एका वर्षाची एक खूण, "ही एकोणीस वर्षांची, आजोबांनी लावली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो," आणि दुसऱ्या रांगेतली ती बाई नखं बघत होती.

घरी सगळं ठीक आहे. लेसीला दोन दात आलेत. आता ती सलग झोपते. जरा कुठं आवाज झाला की दचकायची, ती सवय गेली तिची.

नाव परत घाल यादीत. नाही घातलंस तरी मी लिहीन.

जेरिका


१७ एप्रिल

कोल्बी,

तुझ्या अपिलाची वकीलबाई आली होती. कॅटलेट नाव. पायात महागाचे बूट. बाहेर चिखल म्हणून तिनं ते दारात काढले, तर मोज्याला हे एवढं भोक. म्हटलं ही एकतर खरंच आपल्यासारखी आहे, नाहीतर फार हुशार आहे.

मी आधीच सांगून टाकलं, "मला काही विचारू नका. कोर्टात सांगितलं तेवढंच मला ठाऊक."

"मी तुम्हाला काही विचारायला आलेच नाही," ती म्हणाली. "वरचं कोर्ट साक्षीदार बोलवत नाही. खाली काय चुकलं तेवढं बघतं."

"मग काय चुकलं?"

"एक शब्द."

तिनं तो कागद काढला. शेवटच्या दिवशी न्यायाधीशानं ज्युरीला वाचून दाखवला होता ना, कसं ठरवायचं त्याचा, तोच. मी तेव्हा लेसीला बाहेर घेऊन गेले होते, म्हणून ऐकला नव्हता. त्यात असं लिहिलंय: मुळ्या आपल्याच आहेत असं आरोपीला प्रामाणिकपणे आणि वाजवीपणे वाटत होतं असं तुम्हाला दिसलं, तर ती लूट धरू नका. बाईनं "आणि वाजवीपणे" वर बोट ठेवलं. नख अगदी बारीक कापलेलं.

मी म्हटलं, "मला वाजवी भाव ठाऊक आहे. वाजवी वाटणं म्हणजे काय?"

"प्रामाणिकपणे वाटणं म्हणजे कोल्बीच्या डोक्यात काय होतं. वाजवीपणे वाटणं म्हणजे चार शहाण्या माणसांच्या डोक्यात काय असतं. कायदा पहिलंच विचारतो फक्त. माणूस चुकला असेल, येडा असेल, पण आपलीच वस्तू परत घेतोय असं त्याला मनापासून वाटत असेल, तर ती मारामारी झाली, लूट नाही झाली. दुसरा शब्द न्यायाधीशांनी पदरचा घातला. आणि त्या बारा जणांनी..."

"त्यांनी म्हटलं असणार, जमीन कंपनीची हे ठाऊक असून मुळी माझी म्हणतो, हे कसलं वाजवी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

मला असली स्तुती आवडत नाही. स्तुती करणारा माणूस पुढं काहीतरी मागतो. मी विचारलं तुम्हाला हे करून काय मिळतं, तर म्हणाली सरकार पगार देतं. म्हणजे ज्या सरकारनं तुला आत घातलं तेच सरकार तुला बाहेर काढायचा पगार देतंय. तुला पटतंय? मला नाही पटत. पण तुझ्या डोक्यात काय होतं त्यावर सगळं आहे म्हणाली, ते खरं असेल. लग्नाला तीन वर्षं झाली, तुझ्या डोक्यात काय असतं ते मला कधी आधी कळलं नाही. त्या बारा जणांना काय कळणार.

बूट घालता घालता विचारते, "कोल्बी घरी आला तर तुम्हाला बरं वाटेल ना?" असा प्रश्न कोण विचारतं? मी म्हटलं, "नवरा आहे माझा."

तिनं बुटाची नाडी दोनदा बांधली.

जेरिका


३० जून

कोल्बी,

कॅटलेटबाईनं मोठं काम केलं, ते लिहिते. वरचं कोर्ट म्हणे असं आहे, की चूक झाली तेव्हाच तुमच्या वकिलानं हरकत घेतली होती का? घेतली नसेल तर आता रडू नका. आणि तुझा तो वकील हेन्सली, ज्याचा टाय नेहमी जेवून आलेला असायचा, तो म्हणतो घेतली असेल बहुतेक, नक्की नाही आठवत. (बघ, मी एकटीच नाही.)

आपल्याकडे कोर्टाचं कोणी लिहून घेत नाही, कॅमेऱ्यात घेतात. वकील न्यायाधीशाजवळ कुजबुजायला गेले की ज्युरीला ऐकू जाऊ नये म्हणून खरखर सोडतात. बाईनं कानाला यंत्र लावून त्या खरखरीत चार दिवस शोधलं. मग दुकानात, कामावर असताना मला फोन. "सापडलं! हेन्सली म्हणतोय, साहेब, तो दुसरा शब्द कायद्यात नाही. आणि न्यायाधीश म्हणतायत, माझ्या कोर्टात आहे."

मला इतके दिवस वाटत होतं हेन्सली विकला गेला. त्याची मेव्हणी मामाच्या चर्चमध्ये गाते. आता म्हणते, विकला गेला असेल तर निदान पूर्ण पैसे घेऊन अर्धंच काम केलं त्यानं.

बाईनं मला ऑफिसात बोलावून ते दाखवलं. तेवढंच दाखवून थांबायचं ना. तिनं पुढं मला दाखवलं. मी. खुर्चीत. तो माझा हिरवा ड्रेस, ज्यात मी पोत्यासारखी दिसते. "आठवत नाही." "आठवत नाही." तिसऱ्यांदा म्हणताना मी मामाकडे बघितलं नाही, कोल्बी. तुला वाटतं मी मामाकडे बघितलं. चित्रात स्वच्छ दिसतंय कुणाकडे बघितलं ते.

बाईनं चित्र तिथंच थांबवलं. "खरंच नाही आठवत?"

मी म्हटलं लेसीची झोपायची वेळ झाली, आणि उठले. लेसी बाकावर बसून बिस्किट खात होती, टक्क जागी.

तू पत्राला उत्तर देत नाहीस. तुझी आई म्हणते तू बारीक झालायस. तिला भेटतोस म्हणजे.

जेरिका


१३ सप्टेंबर

कोल्बी,

मुळीचे दिवस सुरू झालेत. ओढ्याच्या वळणावर गाड्या लागल्यात. काल हर्शेलमामा बादलीभर शेंगा घेऊन आला. मी दार उघडलं नव्हतं, तो पायऱ्यांवर बसूनच बोलायला लागला.

"पोरी, अपील लागलंय म्हणे."

"मला काय कळतं त्यातलं."

"तुला पुष्कळ कळतं. कोर्टात किती झकास विसरलीस."

"मामा, शेंगा ठेव आणि जा."

"ही पायरी कुजलीय बघ. लेसी पडेल एखाद दिवशी. उद्या येऊन दुरुस्त करून देतो. ट्रेलरचं घर तुझं असलं तरी जागा माझी, तेव्हा पायरीही माझीच म्हण." मग हसला. तुला त्याचं हसणं ठाऊक आहे, वरचा एकच दात दिसतो. "आणि तुझ्या नवऱ्याला कळव, त्याच्या मुळ्यांच्या जागेचा पत्ता मला कुणी दिला नाही. दर सप्टेंबरात त्याच झाडाखाली ट्रक उभा करतो गाढव, आणि म्हणे गुपित."

मी लेसीला कडेवर घेतलं.

"आता ऐक. वरच्या कोर्टानं उलटवलं, तर खटला परत उभा राहतो. परत तुला त्या खुर्चीत बसवतील. तेव्हाही विसर. आणि आठवलंच काही, तर निरोप दिला होता एवढं आठव. मी माझं काम केलं होतं, परवाना दाखवला होता, मग ढकलून का दिलं मला? हा हात आता धड जॅकेटात जात नाही."

ते खरं आहे. हात वर जात नाही त्याचा.

मी दाराच्या फटीतून म्हटलं, "आणि दिला नव्हता असं आठवलं तर?"

"तर मागच्या वेळी शपथ घेऊन खोटं बोललीस असं होईल. मग तू आत, तो बाहेर. लेसी कुणाकडे? ते मुलांच्या कल्याणाच्या ऑफिसातली बाई ठरवते. माझ्याकडे नंबर आहे तिचा, हवा तर देतो." उठताना म्हणाला, "मी तुझ्या आईचा भाऊ आहे, जेरिका. तुझं वाईट कशाला करीन."

आज येऊन खरंच पायरी बसवून गेला. तो गेल्यावर मी तीनदा तिच्यावर उडी मारून बघितली. शेंगा फेकाव्याशा वाटल्या, पण पगाराला अजून वेळ आहे. उकडून आधी मी खाल्ल्या. तासाभरानं लेसीला दिल्या.

जेरिका


६ डिसेंबर

कोल्बी,

दहा महिन्यांनी तुझं पत्र आलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर चार शब्द. "मामा आला होता का?" लेसी कशी आहे, तू कशी आहेस, काही नाही. बरं.

आला होता.

गेल्या वर्षी ऑगस्टातल्या एका मंगळवारी. तू गॅरेजवर कामाला गेला होतास. त्यानं परवाना टेबलावर ठेवला, खाली निळा शिक्का होता. म्हणाला, ही प्रत ठेव, कोल्बीला दाखव. सरबत प्यायला आणि गेला.

आता तुझा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. मग का नाही सांगितलंस? तो विचारू नकोस. निदान कागदावर विचारू नकोस. त्यापेक्षा तो आठवडा आठव. मंगळवारच्या आधी शनिवार येतो, त्या शनिवारी काय झालं ते आठव. तुला खरंच आठवत नसेल, तर मला तेवढ्यानंच कळेल मी कोणाशी बोलतेय.

लेसी चालायला लागली. तुझ्यासारखी उजवा पाय आत टाकून चालते.

जेरिका


२२ फेब्रुवारी

कोल्बी,

वरच्या कोर्टाचे निकाल शुक्रवारी लागतात, तसा काल लागला. तुला कळलंच असेल. तिघांपैकी दोघं तुझ्या बाजूनं. कॅटलेटबाई फोनवर ओरडत होती. "शिक्षा रद्द! खटला परत चालणार, आणि तो शब्द वाचायचा नाही!" मी म्हणाले, "बरं." ती म्हणाली, "ऐकलंत ना तुम्ही?" मी म्हणाले, "ऐकलं." मग दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन डायपरच्या खोक्यावर बसले. मालकीण म्हणाली, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "कोणी नाही गेलं. नवरा येतोय बहुतेक." तर म्हणाली, "मग तोंड असं का?"

बाईनं निकालाचा एक तुकडा वाचून दाखवला, तो मी पावतीच्या मागं लिहून घेतला. "माणसाची समजूत चुकीची असो वा विचित्र, ती खरोखर त्याच्या मनात होती की नाही, एवढंच ज्युरीनं पाहायचं होतं." छान लिहिलंय. खरोखर मनात होती की नाही. आणि ते कशावरून ठरणार? तर मामाचा निरोप तुझ्यापर्यंत पोचला होता का यावरून. मी पोचवला असेन, तर मुळ्या आता मामाच्या हे तुला ठाऊक होतं. मग समजूत खोटी आणि लूट खरी. मी पोचवला नसेन, तर तू प्रामाणिक. म्हणजे शब्द गेला, आणि त्याच्या जागी मी आले.

इतके दिवस मला वाटत होतं वरच्या कोर्टाला मी लागत नाही, सुटले. देवाजवळ मी काय मागितलं होतं ते लिहीत नाही. तुलाही नाही, आणि हे पत्र उघडणाऱ्यालाही नाही.

जेरिका


११ मे

कोल्बी,

खटला संपेपर्यंत तुला खटल्याचं अक्षर लिहायचं नाही असं कॅटलेटबाईनं बजावलंय, आता खटलाही तीच लढवतेय. म्हणून हवा कशी आहे ते लिहिते. पाऊस झाला, ओढा भरून वाहतोय, डोंगरावर पाला फुटलाय.

मी आता मामाच्या जागेत राहत नाही. ट्रेलर तिथंच आहे. कुठं राहते ते तुझ्या आईला माहीत नाही, तेव्हा तिला विचारून तिचा जीव खाऊ नकोस.

मला कोर्टानं एक वकील दिलाय. मला, तुला नाही, म्हणजे हे तुझ्या खटल्यातलं धरायचं नाही. कोवळा पोरगा आहे, टाय नवा आहे त्याचा. मी त्याला सगळं सांगितलं, तर म्हणाला, "बाई, आठवत असेल तर 'आठवत नाही' हेही खोटंच असतं." जसं काही मला हे त्याच्याकडून कळणार होतं. म्हणतो गप्प बसायचा हक्क आहे तुम्हाला. माझ्यावर खोट्या साक्षीचा खटला घालणार नाही, असं सरकारी वकिलाकडून माफीचं लेखी मागितलंय त्यानं, पण ते देतील असं नाही.

याच्यावर विश्वास ठेवू का? कॅटलेटबाईनंच सुचवला तो. तिनं सुचवलेला म्हणून नाही ठेवत. आणि दुसरा मिळत नाही म्हणून ठेवते.

लेसी "ट्रक" म्हणायला लागली.

जेरिका


२३ जुलै, कोर्टाच्या जिन्याखाली

कोल्बी,

ज्युरी आत गेलीय. मी इथं खोक्यावर बसून लिहितेय, लेसी मांडीवर. हे मी बाईच्या हातात देणार आहे, काय निकाल लागेल तो लागो. आता लिहायला हरकत नाही म्हणाली ती.

सकाळी मी जे बोलले ते तू ऐकलंस. पण तू खाली मान घालून बसला होतास, म्हणून कदाचित नीट ऐकलं नसशील. परत लिहिते. लेखी माफी मिळाली नव्हती, हेही तुला ठाऊक असू दे. माझा तो वकील मागं बसून सारखा मान हलवत होता, नको नको म्हणून.

कॅटलेटबाईनं विचारलं, "मामांनी परवाना दाखवला?"

"हो."

"नवऱ्याला सांगितलंत?"

"नाही."

"मागच्या वेळी तुम्ही आठवत नाही म्हणालात."

"आठवत होतं."

मामा बाकावरून उठायला लागला, त्याच्या वकिलानं, म्हणजे सरकारच्या, हातानं त्याला बसवलं.

"का सांगितलं नाही?"

माझ्या हातात परवाना होता. दोन वर्षं मैद्याच्या डब्याच्या तळाशी होता तो, सगळ्या घड्या पांढऱ्या झालेल्या. तो मी न्यायाधीशासमोर ठेवला आणि म्हणाले, "मला नवऱ्याची भीती वाटत होती."

बाई म्हणाली, "ज्युरीला समजेल असं सांगा."

मग मी सांगितलं. शनिवारी ट्रक सुरू होईना. तू घरात आलास. मी फक्त विचारलं की लेसीच्या डॉक्टरकडे कसं जायचं. तू माझ्या डोक्याशेजारी भिंतीत मूठ घातलीस. लेसी दोन महिन्यांची, माझ्या हातात. भिंतीचा भुगा तिच्या पापण्यांवर पडला, आणि मी तो पुसला नाही, कारण हललं तर तू परत मारशील असं वाटलं. मंगळवारी मामा कागद घेऊन आला. आजोबांच्या मुळ्या मामा खणणार, हे तुला माझ्या तोंडून कळलं असतं, तर पुढची मूठ भिंतीत गेली असती का, मला ठाऊक नव्हतं. म्हणून डब्यात टाकला. आणि मागच्या खटल्यात "नाही सांगितलं" म्हणाले असते, तर का नाही, हे सांगावं लागलं असतं. तू सुटलास तर घरी येणार होतास. म्हणून आठवत नाही म्हणाले.

ज्युरीच्या दुसऱ्या रांगेत एक म्हातारी होती, खोऱ्यातलीच वाटली. तिनं डोळे मिटले.

मग सरकारी वकील उठला. गोड आवाजात म्हणतो, "म्हणजे ज्या माणसाला तुम्ही घाबरता त्यालाच सोडवायला आलात? का हा सगळा बनाव नवऱ्यानं शिकवलाय?"

मी म्हटलं, "मी त्याला सोडवायला नाही आले. त्याला ठाऊक नव्हतं. ते खरं आहे, तेवढं सांगायला आले."

"त्याला ठाऊक नव्हतं याची तुम्हाला इतकी खात्री?"

"साहेब, त्याला ठाऊक असतं तर मला ठाऊक झालं असतं."

कोणी हसलं नाही.

जेवणानंतर न्यायाधीशानं कागद वाचला. मी प्रत्येक शब्द ऐकला. "प्रामाणिकपणे वाटत होतं" म्हणाला आणि पुढच्या ओळीवर गेला. मध्ये काही नव्हतं. एका शब्दासाठी तू दीड वर्ष आत काढलंस, आणि तो नसताना वाक्य कसं सरळ जातं बघ.

शिपाई म्हणतोय आतून दार वाजलं. थांब.


सुटलास.

लूट नाही म्हणाले. मनगट मोडल्याचे बारा महिने, ते तुझे केव्हाच भरलेत. कागदपत्रं होऊन तासाभरात सोडतील म्हणे. तू बाईला मिठी मारलीस ते मी दारातून बघितलं. मग तू वळून शोधत होतास. मी जिन्याखाली परत आले होते.

मामा बाहेर पायऱ्यांवर बसलाय. मला बघून थुंकला, दुसरं काही नाही. माझं काय करायचं ते सरकारी वकील सोमवारी सांगणार आहे. खटला घालतील किंवा सोडून देतील. तो पोरगा म्हणतो सोडतील. मी त्याचं ऐकून ठेवलं, मानलं नाही. सोमवारी लेसीला कुणाकडे ठेवायचं ते ठरवलंय, ते इथं लिहीत नाही.

तिला भेटायचं असेल तर कॅटलेटबाईला सांग. ती दिवस ठरवेल, जागा ठरवेल आणि सोबत बसेल. येताना रिकाम्या हातानं ये आणि हळू बोल. लेसी आता ओळखीच्या माणसाजवळच जाते, आणि तू तिच्या ओळखीचा नाहीस. ते तुझ्या-माझ्या भांडणातलं नाही, तिचं वय आहे तसं.

तुझे कपडे आणि ट्रकची किल्ली बाईजवळ दिलीय. ट्रक सुरू होतो, मी दुरुस्त करून घेतला.

हे पत्र बाहेर आल्यावर परत एकदा नीट वाच. यात "घरी ये" असं कुठंही लिहिलेलं नाही. विसरले म्हणून राहिलं असं समजू नकोस.

जेरिका